रॉकी अजून ओढतो, या रिव्ह्यूला माझं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला आणि आधी काळजी वाटली ती तुमच्या सासऱ्यांची. फिरायला नेताना तुमच्या कुत्र्याने, रॉकीने, हिसका दिला, काका गुडघ्यावर पडले, आणि मला ते इथे वाचून कळतंय. मनापासून माफी मागतो.

तुमच्या तक्रारी तीन: कुत्र्याला शिकवण्याच्या माझ्या आठ क्लासचे पैसे भरूनही रॉकी घरच्यांना ओढत नेतो, मी शिकवताना रस्त्यात नुसता उभा राहतो, मागूनही चोक चेन (ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी) दिली नाही.

पहिली तक्रार बरोबर आहे आणि चूक माझी आहे. रॉकी अकरा महिन्यांचा लॅब्राडोर. साधारण सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत, मोठ्या जातींत दोन वर्षांपर्यंतही, कुत्रं वयात येत असतं. ताकद मोठ्या कुत्र्याची आणि डोकं पिल्लाचं, त्यामुळे काल ऐकलेलं आज ऐकत नाही. आठ क्लासमध्ये सुरुवात होते, सवय लागते ती घरच्यांच्या हातून. हे पैसे घेण्याआधीच सांगायला हवं होतं. मी रॉकीला शिकवत राहिलो, पण रोज सकाळी ज्यांच्या हातात पट्टा असतो त्या काकांना एकदाही सोबत घेतलं नाही. त्यात मे महिन्यातले दोन क्लास माझ्या सोयीने सकाळी दहाला ठेवले. संभाजीनगरच्या उन्हात तेव्हा डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवत नाही, तिथे त्याचे पंजे काय टिकणार! ते दोन्ही क्लास वाया गेले.

उभं राहण्याचं मात्र कारण आहे. ओढलं की हवं तिथे जायला मिळतं, म्हणून कुत्रं ओढतं. मागे खेचलं तर आणखी जोर लावतं. म्हणून पट्टा ताणला की आपण थांबायचं, सैल झाला की निघायचं. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांत चार घरंही ओलांडून होत नाहीत. पण घरातल्या एकानेही घाईत त्याला खांबापर्यंत ओढू दिलं, तर ओढण्याचा कधीतरी फायदा होतो हे त्याला कळतं आणि तो ओढणं सोडत नाही.

पाचव्या क्लासला तुम्ही गेटात उभ्या होतात. दूधवाल्याची गाडी कॅन खडखडवत गल्लीत शिरली. रॉकीची शेपूट ताठ, पट्टा तंग. मी त्याला घेऊन पंधरा पावलं मागे आलो. तिथून त्याने गाडीकडे पाहिलं आणि मग, अर्धा सेकंद का होईना, माझ्याकडे. त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा तुकडा दिला. पुढच्या वेळी अंतर बारा पावलांचं. तेव्हाच वळून तुम्हाला हे समजावून सांगायचं होतं, मी गप्प राहिलो.

चोक चेन मी देणार नाही, त्यापायी गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. ओढणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात ती आवळली की श्वासनलिकेला इजा होऊ शकते. शिवाय दूधवाला दिसला की गळा दुखतो एवढंच त्याच्या मनात बसतं, आणि आज आनंदाने उड्या मारणारं कुत्रं उद्या त्याच माणसावर गुरगुरतं. त्याऐवजी छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी अंगाभोवती बसणारा पट्टा, वापरू. ओढलं की अंग बाजूला वळतं, पुढे जोर लागत नाही. मापाचा घेऊन येतो, महिनाभर ठेवा.

काकांना एक निरोप द्या: पट्टा मनगटाला गुंडाळू नका. हिसका बसला तर हात सुटत नाही, माणूस ओढला जातो. गुडघा बरा होईपर्यंत रॉकीला दुसऱ्या कोणी फिरवावं आणि निघाल्यावर पाच मिनिटं त्याला मनसोक्त हुंगू द्यावं. नाकाला काम मिळालं की त्याची निम्मी धांदल कमी होते.

वाया गेलेल्या दोन क्लासचे पैसे या आठवड्यात परत करतो. शिवाय आणखी चार क्लास मोफत घेईन, सकाळी साडेसहाला, दूधवाल्याच्याच वेळेला. या वेळी पट्टा तुमच्या आणि काकांच्या हातात असेल, मी बाजूने चालेन. काकांना चालवत असेल तो दिवस कळवा.