गोधडी कपाटात नको, अंगावर हवी

हाताने केलेल्या भेटवस्तू कपाटात जपून ठेवाव्यात, असं एका लेखात वाचलं. मला ते पटलं नाही. आई गेल्यावर तिची नऊवारी लुगडी मला बघवत नव्हती. पंचवटीतली माझी मैत्रीण आली, न विचारता गाठोडं उचलून घेऊन गेली आणि त्यांची गोधडी शिवून आणली. कडेपासून आत आत जाणारा धावदोरा, मधोमध आईच्या येवल्याच्या पैठणीचा काठ. एका कोपऱ्यात टाके मोठे पडलेत. तेव्हा मैत्रिणीचा अंगठा सुजला होता, तरी शिवत राहिली. सुती लुगडं धुऊन धुऊनच मऊ होतं, घडी घालून ठेवलं की घडीवर विरतं. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मी रोज हीच पांघरते. विरलेल्या जागी ठिगळ लावायला संक्रांतीनंतर ती येणार आहे.