तुकडे पाडल्याचा मुद्दा

माझं बिल परत आलं. समासात लाल शाईत शेरा होता: ‘एकाच कामाचे सहा तुकडे का पाडले? खुलासा व्हावा.’

काम एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं. गिऱ्हाईक नाशिकच्या आडगाव नाक्यापलीकडचे एक द्राक्ष निर्यातदार. लाल शाई त्यांचे हिशेब बघणाऱ्या काकांची. उभा जन्म सरकारी लेखापरीक्षणात गेलेला. माणूस निवृत्त झाला, पेन नाही.

“हे बघा,” काका म्हणाले, “निविदेची मर्यादा चुकवायला ठेकेदार रस्त्याचे तुकडे पाडतात. शंभर मीटर याच्या नावावर, शंभर मीटर मेव्हण्याच्या. असले मुद्दे आम्ही खोऱ्याने काढले. आता तुमचं वाचा. मूळ सर्व्हर. इमेज-फिल्टर. एक्सएसएलटी. जिओआयपी-टू. एनडीके. ल्युआ. सर्व्हर किती?”

“एक.”

“मग?”

साहेब, सगळं एकाच पॅकेजात, म्हणजे इन्स्टॉल करायच्या एकाच गठ्ठ्यात, कोंबता येतं, मी म्हणालो. पण इमेज-फिल्टर म्हणजे फोटो लहान-मोठे करणारं मॉड्यूल, सर्व्हरला जोडायचा जादा भाग. त्याला लिबजीडी ही चित्रं हाताळणारी तयार कोडची लायब्ररी लागते. लिबजीडी आली की टिफ, वेबपी, फॉन्टकॉन्फिग येतात आणि लिबएक्सपीएमच्या पाठोपाठ लिबएक्स-इलेव्हनही येते. म्हणजे ज्या मशिनला स्क्रीनच नाही, तिच्यावर स्क्रीनवर खिडक्या काढणारी लायब्ररी. तीही प्रत्येक सर्व्हरवर, फोटो असोत नसोत. शिवाय यातल्या कुठल्याही लायब्ररीत भोक सापडलं की रात्री उठून अपडेट आपणच करायचं.

“मग स्क्रीन घ्या,” काका म्हणाले. “तरतूद आहे.”

मी पाणी प्यायलो.

“हे एनडीके काय करतं?”

“स्वतः काही नाही. ल्युआला लागतं.”

“म्हणजे नुसतं बसून पगार खातं.”

“नाही हो. ते आधी लोड झालं नाही तर ल्युआ ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ म्हणून जागीच बसतं. म्हणून मॉड्यूल्स-एनेबल्ड फोल्डरात एनडीकेच्या फाइलचं नाव १० ने सुरू होतं आणि ल्युआचं ५० ने. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात.”

“सेवाज्येष्ठता!” काकांचा चेहरा उजळला. एनडीकेसमोर बरोबरची खूण पडली. बाकी सगळ्या माझ्या बोलण्यातलं हे एकच त्यांना पटलं. मग चहा आला, आणि तेवढ्या वेळात त्यांनी सिंहस्थाच्या कामांत कोणकोणते मुद्दे निघू शकतात याची मला झलक दिली. निघताना मात्र त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. “हे सगळे सुटे आहेत ना? मग नुसता मूळ सर्व्हर बदलला की उरलेल्या पाचांचं काम परत का निघतं?”

उत्तर आहे, पण सांगताना माझंच डोकं फिरतं. २०१६ च्या फेब्रुवारीत १.९.११ आवृत्तीत एनजिनएक्सला डायनॅमिक, म्हणजे सर्व्हर तोच ठेवून जोडता येणारे, मॉड्यूल मिळाले. त्याआधी एक मॉड्यूल वाढवायचं तर अख्खा सर्व्हर पुन्हा कंपाइल करायचा. म्हणून तर डेबियन या लिनक्समध्ये लाइट, फुल, एक्स्ट्राज असे वेगवेगळे सर्व्हर होते. पुढे १.११.५ मध्ये बांधताना द्यायचा विथ-कंपॅट हा पर्याय आला आणि लोकांना वाटलं, सुटलो. कसले सुटतोय! या पर्यायाने कॉन्फिगरचे पर्याय वेगळे असलेले चालतात, आवृत्ती वेगळी असलेली नाही. १.१८.० साठी बांधलेलं मॉड्यूल १.२२.१ ला दिलं की तो तोंडावर आकडे फेकतो: १०२२००१ च्या जागी १०१८००० का? शेवटचा आकडा वेगळा असला तरी नाही म्हणजे नाही. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरची २.४ मालिका २०१२ पासून चालू आहे आणि तिच्यासाठी बांधलेलं मॉड्यूल त्याच मालिकेतल्या पुढच्या आवृत्तीत चालावं असा शिरस्ता आहे. इथे मूळ सर्व्हर एक पायरी चढला की मॉड्यूलवाल्यांनी सगळं पुन्हा बांधायचं, आणि गिऱ्हाइकाने विचारायचं, ‘बदललं काय?’ काहीच नाही हो. एक आकडा.

म्हणून पॅकेज करताना मॉड्यूलची .एसओ फाइल जागेवर टाकणं हे सगळ्यात सोपं काम. मेक मॉड्यूल्स म्हटलं की ती ऑब्ज फोल्डरात तयार मिळते. कॉन्फिग फाइलीत लोड-मॉड्यूलची ओळ इव्हेंट्स ब्लॉकच्या आधी यावी लागते, नाहीतर ‘टू लेट’ म्हणून ओरड होते. तेही जमतं. खरी मेख अवलंबित्वाच्या ओळीत असते. डेबियन १२ मध्ये मूळ पॅकेज एनजिनएक्स-एबीआय नावाचं एक आभासी, म्हणजे नावापुरतं, पॅकेज पुरवतं, त्यात आवृत्ती असते, आणि मॉड्यूलच्या पॅकेजने त्यावर अवलंबून राहायचं. मग जोडीचं मॉड्यूल तयार नसेल तर ॲप्ट हा पॅकेजं बसवणारा डेबियनचा प्रोग्रॅम नुसता सर्व्हर चढवताना अडतो. ही ओळ विसरलात तर ॲप्ट आनंदाने सर्व्हर चढवतो, मॉड्यूल मागेच राहतं आणि रीस्टार्टला सगळं आडवं.

काकांनी मात्र तुकडे कमी करायचं मनावर घेतलं. ऑफिसातल्या पोराकडून आधी एक्सएसएलटी काढवलं. काही बिघडलं नाही, ते कोणी वापरतच नव्हतं. भीड चेपल्यावर इमेज-फिल्टर. साइटच्या कॉन्फिगमध्ये त्याची ओळ तशीच होती. ती काढणं पॅकेजचं काम नाही, माणसाने लिहिलेल्या फाइलीत पॅकेजने हात घालू नये. रिलोड ‘अननोन डायरेक्टिव्ह’ म्हणत नापास झाला, पण जुनी प्रोसेस मॉड्यूल मेमरीत धरून बसलेली, त्यामुळे पेट्यांचे फोटो मजेत दिसत राहिले. एनजिनएक्स-टी ही कॉन्फिग तपासायची कमांड चालवून बघायचं कोणाला सुचलं नाही. मग लाइट गेली, यूपीएसने मान टाकली, आणि परत आल्यावर सर्व्हर उठेचना. अपाचेत इफ-मॉड्यूल म्हणून ओळ झाकता येते, इथे ती सोय नाही. एक ओळ अनोळखी, अख्खी साइट बंद.

पोराचा फोन आला. मी कमांड सांगायला सुरुवात केली तर म्हणतो, “दादा, ते करतोच. पण काका विचारताहेत, काढलेलं पॅकेज स्टोअरला कोणाकडे जमा करायचं? पावती लागेल म्हणे.”