संशोधनाला पैसा कुणाचा आणि कोणत्या अटींवर : एका उद्योजक वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

व्यवसाय, कंपन्यांचा कारभार आणि उद्योजकता या विषयांवर महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत होणाऱ्या संशोधनासाठी नाशिकच्या उद्योगांनी एकत्र येऊन कायमस्वरूपी निधी उभारावा, असे मी मागील लेखात लिहिले होते. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत स्वतःचा कारखाना चालवणारे आपण त्यावर सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय थोडक्यात सांगतो. कंपन्यांच्या पैशावर कंपन्यांच्याच कारभाराचे संशोधन झाले, तर निष्कर्ष देणगीदाराच्या सोयीचेच निघणार, हा आपला पहिला आक्षेप आहे. प्राध्यापकांचे शोधनिबंध बढतीसाठी लिहिले जातात आणि इतक्या वर्षांत त्यांतला एकही आपल्या कारखान्यात उपयोगी पडला नाही, हा दुसरा. पैसा द्यायचाच असेल तर तो गरीब विद्यार्थ्यांच्या शुल्कासाठी किंवा खऱ्या विज्ञानासाठी द्यावा, हा तिसरा.

पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे. पैसा देणाऱ्याचा हात निष्कर्षापर्यंत पोहोचतो, याचे पुरावे आहेत. अमेरिकेतील साखर उद्योगाच्या एका संस्थेने १९६० च्या दशकात हार्वर्डमधील संशोधकांना सुमारे साडेसहा हजार डॉलर दिले. त्यांचा आढावा १९६७ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हृदयविकाराच्या बाबतीत साखरेवर असलेला संशय त्यात सौम्य केला होता आणि दोषाचे माप मुख्यतः स्निग्ध पदार्थांच्या पदरात टाकले होते. विषयाची दिशा देणगीदाराने ठरवली होती, मसुदे त्याने आधी पाहिले होते आणि त्याचे नाव लेखात कुठेही छापलेले नव्हते. जुन्या पत्रव्यवहारातून हे सारे उजेडात यायला २०१६ साल उजाडावे लागले. अर्थशास्त्राच्या क्षेत्रातही २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर असेच प्रश्न विचारले गेले. त्यामुळे अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २०१२ मध्ये आपल्या नियतकालिकांसाठी नियम केला की, हितसंबंध असलेल्या पक्षाकडून मागील तीन वर्षांत दहा हजार डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम मिळाली असल्यास लेखकाने ती जाहीर करावी.

म्हणजे आपली भीती रास्त आहे. तिच्यातून आपण काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. पैसा नसला की संशोधन निःपक्षपाती होते, असे आपण गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात पैसा नसला की संशोधन फुकट मिळणाऱ्या माहितीकडे झुकते, आणि हा कल देणगीदाराच्या कलाइतकाच वास्तवाला वाकडे करतो. आपल्या देशात कंपनी कारभारावर जे लिहिले जाते, त्यातला मोठा भाग शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांविषयी असतो, कारण त्यांचे ताळेबंद आणि संचालकांची नावे सीएमआयई या आर्थिक माहिती गोळा करणाऱ्या संस्थेच्या ‘प्रोवेस’सारख्या माहितीसंचात तयार मिळतात आणि टेबलावर बसून निबंध पुरा होतो. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीतील हिशेबांचा घोटाळा ७ जानेवारी २००९ रोजी उघड झाल्यानंतर स्वतंत्र संचालक आणि लेखापरीक्षक यांच्यावर कितीतरी लिहिले गेले. परंतु सातपूर, अंबड आणि सिन्नर येथील बहुतेक कारखाने बाजारात नोंदलेले नाहीत. ते भागीदारीत, एकट्याच्या मालकीचे किंवा घरातल्याच चार माणसांच्या खाजगी कंपनीच्या रूपात चालतात. वडिलांनंतर निर्णय कोण घेतो, भाऊ वेगळे होताना ऑर्डर कुणाकडे जातात, बाहेरचा व्यवस्थापक का टिकत नाही, हे कोणत्याही माहितीसंचात नसते. त्यासाठी माणसाला महिनोन्‌महिने कारखान्यात बसावे लागते, आणि त्या माणसाला पगार द्यावा लागतो.

याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण शेतकरी उत्पादक कंपन्यांचे आहे. २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन हा प्रकार अस्तित्वात आला. भागधारक उत्पादकच असले पाहिजेत, आणि व्यक्ती सभासद असतील तिथे समभाग कितीही असले तरी मत एकच. केंद्र सरकारने २०२० मध्ये अशा दहा हजार संस्था उभ्या करण्याची ६,८६५ कोटी रुपयांची योजना आणली. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही यातली सर्वांत परिचित कंपनी. २०२२ मध्ये तिच्या उपकंपनीत युरोपातील गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये गुंतवले. मूळ कंपनी शेतकऱ्यांची आणि खालच्या कंपनीत बाहेरचे भांडवल, अशा रचनेत सभासद शेतकऱ्याचा शब्द किती चालतो, संचालक मंडळात कोणते प्रश्न येतात आणि कोणते येत नाहीत, ज्या छोट्या उत्पादक कंपन्या नोंदणीनंतर दोन वर्षांत निपचित पडतात त्यांच्यात नेमके काय घडते, हे कंपनी कारभाराचे अस्सल प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरील आकड्यांतून मिळणार नाहीत.

आपल्याला स्वतःला जाणवणारा एक प्रश्न घेतो. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. ते मुदतीत न दिल्यास खरेदीदाराला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळणार नाही, अशी तरतूद आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) ने २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी जॉब वर्क करणाऱ्यांचे पैसे खरोखर लवकर दिले, की ऑर्डर मध्यम आकाराच्या किंवा या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या पुरवठादारांकडे वळवल्या? ‘नोंदणी रद्द करून घ्या’ असे कुणाला तोंडी सांगितले गेले का? पुरवठादारांच्या खतावण्या आणि बिलांच्या तारखा ताडून याचे उत्तर काढता येईल. मात्र एकाच मोठ्या खरेदीदार कंपनीच्या पैशावर ते निघणार नाही. आपला आक्षेप इथे पूर्णपणे लागू पडतो, आणि एका कंपनीच्या देणगीऐवजी अनेकांचा मिळून निधी हवा, असे मी म्हणतो ते याचसाठी.

संशोधनाचा कारखान्याला उपयोग नाही, हे आपले दुसरे म्हणणे. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार असे घाट उतरत गेले की तारापूरची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या आणि उंबरगावच्या सुती कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांमध्ये २००८ पासून एक प्रयोग झाला. काही कारखान्यांना आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीकडून पाच महिने विनामूल्य मार्गदर्शन दिले. उरलेल्यांची फक्त महिनाभर पाहणी केली. यंत्र का बंद पडले याची नोंद ठेवणे, सुताचा साठा मोजून लावणे, दोष रोजच्या रोज लिहून त्यावर बैठक घेणे, अशा साध्या पद्धतींनी पहिल्याच वर्षात उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. आपल्यासारख्या अनुभवी माणसाला या पद्धतींत नवे काही वाटणार नाही. पण मालकांनी त्या आधी का अवलंबल्या नव्हत्या, याचे जे उत्तर निघाले ते मला फार मोलाचे वाटते. काहींना त्या ठाऊक नव्हत्या आणि काहींना त्यांचा फायदा होईल असे वाटत नव्हते. शिवाय बाहेरच्या व्यवस्थापकावर विश्वास टाकायला मालक कचरत, त्यामुळे घरात कर्ते पुरुष जितके, तितपतच कारखाना वाढे. जवळपास नऊ वर्षांनी संशोधक पुन्हा गेले तेव्हा रुजवलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या, तरीही मार्गदर्शन मिळालेल्या कारखान्यांची आघाडी टिकून होती. या कामाला जागतिक बँक, स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि स्लोन व कॉफमन या अमेरिकी प्रतिष्ठानांचा पैसा होता. यांपैकी कुणाचाही तारापूरमध्ये कापडाचा धंदा नव्हता, आणि ज्यांच्या कारखान्यांत काम झाले त्यांना निष्कर्ष बदलण्याचा अधिकार नव्हता.

बढतीसाठी लिहिल्या जाणाऱ्या निबंधांविषयी आपण जे म्हणता, ते वाणिज्य विभागात काम करताना मी रोज पाहतो. शंभर जणांना मोबाइलवर प्रश्नावली पाठवायची आणि टक्केवारीचे तक्ते मांडायचे, यात पदरचा खर्च फारसा होत नाही, म्हणून तेच होते. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांतून काढून टाकली, हे चांगले झाले. परंतु सक्ती गेल्याने कारखान्यात जाण्याचा खर्च भागत नाही.

विद्यार्थ्यांच्या शुल्काबद्दल माझा वाद नाही. त्यासाठी सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचा, मार्ग कायद्याने मोकळा आहेच, आणि तो पैसा तिथे जावा. विज्ञानाचेही तसेच. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत संशोधनासाठी जे कलम आहे, त्यात विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांचाच उल्लेख आहे. संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन या सरकारी संस्थेसाठी २०२३ च्या कायद्याबरोबर पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्या कायद्यात सामाजिक शास्त्रे येतात ती विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथे जोडली जातात तेवढ्यापुरतीच. उरते १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, आणि तिच्या दारात राज्यशास्त्रापासून मानसशास्त्रापर्यंत साऱ्यांची रांग आहे. ‘खऱ्या विज्ञानाला द्या’ असे आपण म्हणता, तेव्हा जिथे वाट आधीच आहे तिथलीच वाट दाखवता.

आता अटींविषयी. निधीत कोणत्याही एका देणगीदाराचा वाटा दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. विषय निवडणाऱ्या समितीत देणगीदार किंवा त्यांचे पगारी सल्लागार नसावेत. संशोधनाचा आराखडा काम सुरू होण्यापूर्वीच जाहीर व्हावा, म्हणजे नकोसे निष्कर्ष मागाहून गाळता येणार नाहीत. मसुद्यातील तथ्यांच्या चुका दाखवण्यासाठी संबंधित कंपनीला महिनाभर मुदत मिळावी, पण प्रकाशन थांबवण्याचा अधिकार कुणालाही नसावा. कंपन्यांची नावे झाकून मूळ आकडे इतर अभ्यासकांना तपासायला खुले करावेत. देणगीदारांची नावे अहवालाच्या पहिल्या पानावर छापावीत, आणि संपूर्ण अहवाल मराठीतही निघावा, कारण ज्यांच्याविषयी तो आहे त्यांना तो वाचता आला पाहिजे. यांतली दुसरी आणि चौथी अट मोठ्या देणगीदारांना जड जाईल, याची मला कल्पना आहे. त्या अटींवर कुणी पैसा देण्यास तयार नसेल, तर तो पैसा घेऊ नये या मताचा मी आहे. मग निधी लहान राहील आणि वर्षाला एकच विषय हाती घेता येईल.

एक अडचण पैशाने सुटणारी नाही. ४५ दिवसांच्या प्रश्नासाठी खतावण्या उघडाव्या लागतील, आणि खरेदीदाराची नाराजी ओढवण्याच्या भीतीने पुरवठादार त्या दाखवणार नाहीत. नावे झाकण्याची व्यवस्था कितपत पुरेशी आहे, हे माझ्यासारख्या वाणिज्याच्या शिक्षकापेक्षा आपल्याला अधिक कळते. आपण या निधीला एक रुपयाही देऊ नये, पण विषय निवडणाऱ्या समितीत यावे आणि पहिल्या आराखड्यातील गुप्ततेचा भाग आपण स्वतः तपासावा, अशी माझी विनंती आहे. कच्चा आराखडा पुढील महिन्यात इथेच प्रसिद्ध करीन.