भाजरी 200

परवाच्या रविवारी मी भाकरीत नापास झालो. थापण्यात नव्हे, कळवण्यात.

पुराच्या वेळी मदतीला जायचं तर नुसतं लायसन्स पुरणार नाही, गटाची चाचणी द्यावी लागेल, असं आमच्या हॅम रेडिओवाल्यांनी, म्हणजे हौसेखातर बिनतारी संच चालवणाऱ्यांनी, यंदा ठरवलं. आता लायसन्स काय भाजीबरोबर फुकट मिळालेलं? दूरसंचार खात्याची परीक्षा, जनरल ग्रेडला मिनिटाला 8 शब्द मोर्स, म्हणजे लांब-आखूड टकटकीची लिपी. सहा महिने मी जेवताना चमच्याने ताटावर डा-डिट बडवत होतो. आई म्हणायची, भूक लागली तर तोंडाने सांग. वर पोलीस पडताळणी. हवालदाराने शेजारच्या काकूंना विचारलं, "हे रात्री गच्चीवर कुणाशी बोलतात?" काकू म्हणाल्या, "बोलू द्या हो, दिवसा त्याच्याशी कोण बोलतंय!"

असो. चाचणी सोपी होती. मैदानाच्या एका टोकाहून हँडसेटवर छापील निरोप वाचायचा, दुसऱ्या टोकाच्याने लिहून घ्यायचा. माझे परीक्षक बँकेतून निवृत्त झालेले एक काका, गळ्यात ओळखपत्र, हातात क्लिप लावलेला पॅड. निरोप असा: "शाळा क्रमांक 2. माणसे 140. पाणी कॅन 30. भाजरी 200." मी खणखणीत आवाजात "भाकरी दोनशे, ओव्हर" म्हणालो. काकांनी पॅडवर फुली मारली.

"भाकरी कुठून आली?"

"मग काय असणार?"

"बाजरी असेल."

"काका, पुरात बाजरी दळणार कोण? गिरणी पाण्यात!"

"ते तुम्ही नाही बघायचं. तुम्ही नळ. वरून येईल ते खाली सोडायचं."

"चुकीचं असलं तरी?"

"चुकीसकट. अक्षर न् अक्षर. पलीकडचा विचारेल, मग इकडे लिहिणाऱ्याला विचारून सांगायचं. उद्या औषधाचं नाव असलं तर तेही सुधाराल?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी चिडलो. म्हटलं, 1993 ला किल्लारीत सगळं जमीनदोस्त झालं तेव्हा हॅम मंडळी सेट घेऊन धावली. 2004 च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून आमच्यातल्याच भारती प्रसाद निरोप पोचवत होत्या. त्यांच्यापुढे कोण पॅड घेऊन उभं होतं?

काका शांतपणे म्हणाले, "त्यांनी भाकरी सांगितली नसती."

बरं, हा निरोप टाइप कुणी केला होता? काकांनीच. मी विचारलं, खरं काय होतं, भाकरी की बाजरी? त्यांनी चष्मा वर केला, कागद लांब धरला, जवळ धरला. "चूक मुद्दाम ठेवली होती." मी कागदाच्या डोक्यावर बोट ठेवलं. तिथे ठळक अक्षरांत 'चाचणि' होतं. हेही मुद्दाम? काका पाणी प्यायला निघून गेले.

सेट माझा, बॅटरी माझी, पेट्रोल माझं, रविवारही माझाच. फुकट राबायला जायचं तर त्यालाही नापास करणारा माणूस लागतो आपल्याला! काकांचं म्हणणं बरोबर होतं, हे तर जास्तच झोंबतंय.

काल रात्री त्यांचा मेसेज आला: "फेरचाचणी रवीवारी 7 वाजता मैदनावर."

मी लगेच उत्तर धाडलं: "रवीवारी 7 वाजता मैदनावर. येतो."