इंडियानातली शाकारणी

मी गाडीखाली उताणा पडलो होतो आणि विकणारे आजोबा वरून विचारत होते, कॉफीत साखर किती?

मोटरहोमच्या, म्हणजे घर वाहणाऱ्या गाडीच्या, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी टायरच्या जोड्या असतात. बाहेरच्या टायरची तारीख उभ्या उभ्या वाचता येते. आतल्याची वाचायची तर पाठीखाली पुठ्ठा घालायचा, तोंडात टॉर्च धरायचा आणि सरपटायचं. टायरवर डीओटी अशी अक्षरं असतात, त्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे त्याचा जन्मदाखला. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. बाहेरचे चार टायर २०१९ चे, एकदम टवटवीत. आतल्या दोघांवर २२०९. म्हणजे २००९ सालचा बाविसावा आठवडा. तेव्हा माझं लग्नसुद्धा व्हायचं होतं आणि आता आमचं पोरगं चौथीत आहे. जाणकार म्हणतात, नक्षी कितीही ताजी दिसो, पाच-सात वर्षांत टायर बदला, कारण रबर आतून म्हातारं होतं. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "आतले दोन कुणाला दिसत नाहीत ना."

इतका प्रामाणिक विक्रेता मी आयुष्यात पाहिला नाही.

ही गोष्ट ऑगस्ट २०२२ मधली, इंडियानापोलिसच्या बाहेर मक्याच्या शेतांतल्या एका घरासमोरची. गाडी १९९९ ची, २९ फूट लांब. पुढे व्हॅनचं नाक, आत दहा सिलेंडरचं इंजिन, मागे ट्रकची चेसिस आणि तिच्यावर खोका ठेवावा तसं ठेवलेलं घर. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग. इंडियानात राहणाऱ्याला मोटरहोमची हौस येणं म्हणजे पैठणला राहून पैठणीची हौस येण्यासारखं आहे. आमच्या उत्तरेला तीनेक तासांवर एल्कहार्ट नावाचं गाव आहे, अमेरिकेतली बहुतेक मोटरहोमं आणि ट्रेलर त्याच्याच आसपास बनतात. कोविडमध्ये आमच्या गल्लीत तिघांनी नवीन घेतली. आम्ही मराठी माणसं. आम्ही जुनी बघायला गेलो.

जुनी गाडी बघताना काय बघायचं, याची चार पानी यादी मी नेली होती. बायकोनं फक्त नाक नेलं होतं. दार उघडताच ती म्हणाली, "अरे, ओल आहे."

आत पाच ठिकाणी सुगंधी कापट्या लटकत होत्या. कोपऱ्यात हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र घरघरत होतं. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून लावलंय, असं आजोबा म्हणाले. मी भिंतींवर बोटाच्या पेरानं टकटक करत फिरत होतो. बायको सरळ माळ्यावर चढली, खिडकीखालचा कोपरा तिनं अंगठ्यानं दाबला आणि अंगठा आत गेला. लाकडात. कंदी पेढ्यात जावा तसा. जुन्या मोटरहोममध्ये पाणी बहुतेक वेळा इथूनच शिरतं, हे माझ्या यादीच्या तिसऱ्या पानावर होतं.

आजोबांनी जनरेटर दाखवला. तेवीस वर्षांत फक्त ११२ तास चाललेला. त्यांना त्याचा फार अभिमान. न वापरलेलं म्हणजे नवं, हा नियम लग्नात आहेर आलेल्या समयांना लागू पडतो, जनरेटरला नाही. तो महिन्यातून एकदा तरी एसी वगैरेचा भार देऊन दोनेक तास चालवावा लागतो, नाहीतर कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा डिंक होतो. आमच्यातल्याचा डिंकाचा लाडू झाला होता.

एवढं कळल्यावर शहाणा माणूस काय करतो? नमस्कार करून निघतो. पण आजोबांनी किंमत अडीच हजार डॉलरनं खाली आणली आणि पोरगं माळ्यावर, त्या कुजक्या कोपऱ्याला डोकं लावून झोपलं होतं. त्याला उठवून खाली उतरवण्यापेक्षा गाडी घेणं सोपं वाटलं.

घरी बाबा होते. चिपळूणहून मे महिन्यात आले होते, ऑक्टोबरात परत जाणार होते, आणि तोवर त्यांना अमेरिकेत करण्यासारखं काहीही सापडलं नव्हतं. गवत कापायला यंत्र, भांड्यांना यंत्र, शेजाऱ्याशी बोलायला मी दुभाषी. गाडी अंगणात शिरली तेव्हा ते पायरीवर बसले होते. उठले, एक प्रदक्षिणा घातली, माळ्याखाली डागासारखी उतरलेली पिवळी रेघ बघितली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा फुलला.

"गळतं वाटतं?"

इथे थोडं मागे जायला हवं. आमचं चिपळूणजवळचं घर मंगळुरी कौलांचं. दर वैशाखात शाकारणी. माकडांनी उड्या मारून फोडलेली कौलं बदलायची, सरकलेली बसवायची, कुजलेली रीप काढायची. बाबा वर, मी शिडीच्या मधल्या पायरीवर कौलं पोचवायला. एवढं करूनही मृगाच्या पहिल्या सरीला माजघरात दोन, पडवीत एक आणि देवांवर एक अशी गळती ठरलेली. मग टोप, पातेली, बादल्या. मी इंजिनियर झालो, पुण्याला गेलो, तिथून इकडे आलो, यात बुद्धीचा भाग थोडा आणि त्या शिडीचा भाग मोठा. एकवीस वर्षं मी अशा घरांत राहिलो की छप्पर नावाची वस्तू असते हेच विसरून गेलो. आणि मग डॉलर मोजून एक गळकं घर विकत घेतलं, तेही असं की जे ताशी साठ मैलांनी गळू शकतं.

बायकोनं बाबांना शिडीला हात लावायला बंदी केली. म्हणून ते खाली घडीच्या खुर्चीत बसले आणि मी वर. कामाचं वाटप बदललं होतं, बोलणी तीच होती.

"काय काय आहे वर, सांग बघू."

मी सांगत गेलो. एसीचं मोठं भोक. बाथरूमचा झरोका. स्वयंपाकघराचा झरोका. फ्रिजचं धुराडं. अँटेना. न्हाणीवरचं काचेसारखं प्लास्टिक. टाक्यांच्या वासाचे दोन पाइप. त्या प्रत्येकाभोवती स्क्रू, प्रत्येक स्क्रूवर मलमासारखा थापलेला आणि आता उन्हानं तडकलेला सीलंट. शिवाय पुढच्या आणि मागच्या कडेच्या पट्ट्या.

"अरे, मग याला छप्पर कशाला म्हणायचं? चाळण म्हण."

हे छप्पर म्हणजे पातळ प्लायवूडवर ताणून चिकटवलेलं पांढरं रबर. दर सहा महिन्यांनी वर चढून त्याचा प्रत्येक सांधा तपासायचा असतो. आधीच्या मालकांनी हे काम बहुधा देवावर सोडलं होतं. मी गुडघ्याखाली फळी घेऊन प्लास्टिकच्या पट्टीनं जुना सीलंट खरवडत होतो. बाबांचं मत पडलं, एवढी नखरेबाजी नको, डांबर आण आणि फासून टाक. मला सांगावं लागलं की या रबराला पेट्रोलियमचं काहीही चालत नाही, फुगतं.

"डांबराला नाही म्हणणारं छप्पर मी पहिल्यांदा बघतोय," बाबा म्हणाले आणि पाच मिनिटं गप्प बसले. पहिल्यांदाच.

याचा सीलंटही दोन तऱ्हेचा. सपाट जागी आपोआप पसरणारा आणि उभ्या जागी न ओघळणारा. मी उभ्या कडेला पसरणारा लावला. संध्याकाळपर्यंत तो पुढच्या काचेवर उतरला. तिथला ओघळ अजून आहे. वायपर तेवढ्या जागी उडी मारतो.

छप्पर निम्म्यावर आलं आणि फ्रिजनं असहकार पुकारला. हा आपला नेहमीचा फ्रिज नसतो. त्यात कॉम्प्रेसर नाही, फिरणारं काहीच नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन नळ्यांत कोंडलेले, खालून गॅसची बारीक ज्योत, आणि आग लावून बर्फ मिळतो. याला एकच अट, गाडी सपाट उभी हवी. तिरकी असेल तर अमोनियाचं अभिसरण अडतं आणि तसाच रेटत राहिलात तर यंत्र कायमचं जातं. आमच्या अंगणाला उतार. मी इंटरनेटवर तीन रात्री घालवून अमोनिया गळल्याच्या खुणा शोधत होतो. वास नाही, मागे पिवळी पूडही नाही. बाबा आत आले, ओट्यावर बोर ठेवलं, ते घरंगळत बेसिनमध्ये गेलं.

"पाणसळ आहे का रे घरात?"

पाणसळ, म्हणजे जागा सपाट आहे का ते दाखवणारं गवंड्याचं साधन. हा शब्द मी वीस वर्षांनी ऐकला. पुढच्या चाकांखाली दोन-दोन फळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी दह्यावर पापुद्र्यासारखा बर्फ होता.

आता काळ्या टाकीबद्दल. ही टाळता आली असती तर मी टाळली असती. मोटरहोममध्ये पाण्याच्या टाक्या तीन. स्वच्छ पाण्याची, भांडी-आंघोळीच्या पाण्याची करडी, आणि तिसरी काळी. भिंतीवर चार दिव्यांची पट्टी असते, बटण दाबलं की कुठली टाकी किती भरली ते दाखवते. आमची काळी टाकी घेतल्या दिवसापासून दोनतृतीयांश. रिकामी केली, दोनतृतीयांश. दोनदा धुतली, दोनतृतीयांश. आत काटा नसतो, बाजूच्या भिंतीत ठिपके असतात आणि त्यांवर जे चिकटायचं ते चिकटून बसलेलं असतं. अधिक तपशील नको.

आजोबांनी जाताना कानात सांगितलं होतं, झडप उघडीच ठेवा, आपोआप वाहून जातं. हा सल्ला पाळला तर पाणी तेवढं वाहून जातं आणि बाकीचं आत डोंगर करून राहतं. झडप बंद ठेवायची, भरपूर पाणी साठू द्यायचं, मग एकदम उघडायची. आधी काळी, नंतर करडी, म्हणजे साबणाच्या पाण्यानं पाइपही धुतला जातो. मदतगटावर अमेरिकन लोक एकमेकांना कळवळून सांगत असतात, कागद कमी वापरा, पाणी जास्त वापरा. हे वाचून बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "यांना कुणी तांब्या दिला नाही का?"

लहानसहान गोष्टी चालूच होत्या. संडासामागच्या नळीचं कोपर फुटलेलं निघालं, कुठल्याशा थंडीत आजोबांनी पाणी काढलं नव्हतं, आणि पाण्याला बर्फ होताना नऊ टक्के जास्त जागा लागते. जमिनीलगतचा गॅसचा अलार्म रात्री दोनला पिपाणी वाजवू लागला, गॅससाठी नव्हे, स्वतःची मुदत संपली म्हणून. मी तरीही उठून प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. आतले दोन टायर बदलले. दुकानवाल्यानं जुने उतरवून मला बाजूला बोलावलं आणि कुशीतल्या भेगा दाखवल्या, एक्स-रे दाखवणाऱ्या डॉक्टरच्या आवाजात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, पण आमच्या कोंबडीला रोज नवीन मसाला लागत होता.

झरोक्याची झाकणं आणायला आम्ही एल्कहार्टला गेलो. तिथे कारखान्यांतून उरलेला माल स्वस्तात मिळतो. दोन झाकणांच्या खरेदीला पाच तास लागले, कारण बाबांना लागणार नाही अशी एकही वस्तू दुकानात नव्हती. मग तिथलं संग्रहालय पाहिलं. १९१३ सालचा ट्रेलर आहे, जुन्या नटीसाठी स्टुडिओनं १९३१ मध्ये बनवलेली घरगाडी आहे, तिला मागे सज्जासुद्धा आहे. सगळी लाकडं सरळ, रंग कालच्यासारखा. मी भारावून उभा. बाबा वर बघत होते, हॉलच्या आढ्याकडे.

"यांनी शहाणपणा केलाय," ते म्हणाले, "छपरावर छप्पर घातलंय."

परत येताना सगळी वाट ते अंगणात गाडीवर मांडव कसा घालता येईल ते सांगत होते. आमच्या वस्तीच्या नियमांत गाडीच अठ्ठेचाळीस तासांवर अंगणात ठेवता येत नाही. एक तिखट पत्र आधीच आलं होतं. मांडवाचं मी सोसायटीला विचारलं नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर, बाबा परत जायच्या आधीच्या शनिवारी, पहिली सहल. दक्षिणेला तासाभरावर ब्राउन काउंटी स्टेट पार्क, पानं रंगायला आली की सगळं इंडियाना तिथे लोटतं. इंजिन एका गॅलनला आठ मैल देत होतं. पेट्रोलच्या काट्याकडे मी बघत नव्हतो, बायको बघत होती. जागेवर पोचून मी चाकांखाली फळ्या घातल्या, पाणसळ तपासली, तीस अँपियरची वायर लावली, आणि हे सगळं एकाही शेजाऱ्यानं मदतीला न येता पार पडलं. खिचडीला फोडणी दिली तशी धुराची घंटा कोकलली. ती मात्र नवीन होती आणि उत्तम चालत होती.

रात्री दीडला पाऊस आला. रबरावरचा पाऊस कौलांसारखा वाजत नाही, बोटांनी तबला कुरवाळल्यासारखा बारीक वाजतो. मी टॉर्च घेऊन उठलो. माळ्याचा कोपरा कोरडा. नवीन प्लायवूड, कोरडं ठाक. एसीच्या कडा कोरड्या. फ्रिजमागे हात घालून बघितला, कोरडा. पोरगं आणि बायको गाढ झोपली होती. जेवणाच्या टेबलाचा पलंग करून त्यावर निजलेल्या बाबांचे डोळे उघडे होते.

"गळत नाही ना कुठे?"

"नाही बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले आणि कूस बदलली. थोड्या वेळानं परत बदलली. "झोप काही लागत नाही रे."

मी दिवा मालवून आडवा झालो. पाऊस वाढला. पंधराएक मिनिटांनी बाथरूमच्या बाजूनं आवाज आला, टप्. मग अंतर ठेवून दुसरा, टप्. झाकण नवीन होतं, सीलंट योग्य तोच होता, स्क्रू मी स्वतः मोजून चौदा मारले होते. शिव्या घालत अंधारात खिचडीचा टोप चाचपला, न्हाणीत ठेवला आणि बाबांना सांगायला वळलो.

ते घोरत होते.