साठी उलटलेला ट्रेलर आणि पंधरा वर्षांची गाडी

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर दादाच्या गाडीवरून जुंपली आहे. पुण्यात तिला पंधरा वर्षं झाली. त्याचा मुलगा म्हणतो भंगारात द्या. दादा म्हणतो, एका सेल्फला सुरू होते, का देऊ? परवा त्याने मलाच साक्षीला ओढलं : "तुझ्या दारात साठ वर्षांचा खटारा उभा आहे, त्याला कोणी विचारतं का?"

खटारा म्हणजे माझा १९६३चा शास्ता कंपनीचा ट्रेलर, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर. सोळा फुटी, मागे ॲल्युमिनियमचे दोन पंख. आकार हॅमच्या डब्यासारखा, म्हणून इथे अमेरिकेत असल्या ट्रेलरांना 'कॅन्ड हॅम'च म्हणतात. ओहायोत, कोलंबसजवळच्या घरी, दोन वर्षं मी त्याच्याशी झटतोय. यांची बांधणी आतून बाहेर : आधी प्लायवुड आणि लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, सगळ्यात शेवटी पत्रा. त्यामुळे सांगाड्याला हात लावायचा तर आधी पत्रा उतरवा. छताच्या कडेची पुट्टी वाळून तडकते, तिथून पाणी शिरतं आणि भिंतीतून उतरत खालच्या कोपऱ्यात मुरतं. मी पत्रा उचलला तेव्हा तिथलं लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं हातात आलं. तरी ते फेकलं नाही. नवी पट्टी कापायला माप त्याच्यावरूनच मिळतं. आता सांध्यांना ब्यूटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट पट्टी, लावतोय.

पुण्यात असतो तर भवानी पेठेतून लाकूड आणलं असतं, नाना पेठेत सुटे भाग धुंडाळले असते आणि एखाद्या सुताराला चहा पाजत शेजारी उभा राहिलो असतो. इथे कारागिराचा ताशी दर ऐकूनच मी रंधा चालवायला शिकलो. हौस वगैरे नंतरची.

पण दादा, साक्षीदार म्हणून मी कच्चा आहे. माझ्या ट्रेलरला इंजिनच नाही, धूर कुठून येणार? शिवाय ओहायोत सक्तीची फिटनेस तपासणी नाही. विकणारा म्हणाला, टायर जवळजवळ नवे. नक्षी खरंच शाबूत होती. कडेवरचा कोड निघाला ०९०८, म्हणजे तयार झालेले २००८च्या नवव्या आठवड्यात! ब्रेक कसे आहेत हे सरकारने मला आजवर विचारलेलं नाही, आणि हे मला अजिबात पटत नाही. महाराष्ट्रात निदान पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांची फेरनोंदणी मिळते. तपासणी खरोखर होत असेल तर ती पद्धत इथल्यापेक्षा चांगली.

माझं भांडण नुसतं वय मोजण्याशी आहे. २०२५च्या जुलैत दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन नाकारायला सुरुवात झाली, आणि काही दिवसांतच ते लांबणीवर टाकावं लागलं. धूर किती, हा प्रश्न बाजूलाच. दुसरीकडे २०२१च्या नियमानुसार पन्नास वर्षं पुरी केलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते आणि तिला 'व्हीए' अक्षरांची मानाची पाटी मिळते. मधली पस्तीस वर्षं ती कोणी, कुठल्या गल्लीत आणि काय खर्चून सांभाळायची? २०२२पासून मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्कच सहाशेवरून पाच हजारांवर गेलं. पर्यावरण कर वेगळा.

राहिला दादाचा प्रश्न. मागच्याच आठवड्यात आमच्या वसाहतीच्या घरमालक संघाचं पत्र आलं : ट्रेलर दारात उभा करता येणार नाही, तीस दिवसांत हलवा. फोटो काढून ग्रुपवर टाकला. दादाचं उत्तर लगेच आलं : "म्हणजे सोसायटी तिथेही आहे तर."