विडाल पॉझिटिव्ह म्हणून टायफॉइडच?

पाऊस लागला की घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: अंग तापलं की लगेच लॅब गाठा. विडाल ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइड, एनएस१ (रक्तात डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी) निगेटिव्ह म्हणजे डेंग्यू नाही, प्लेटलेट घसरल्या म्हणजे डेंग्यूच, आणि ताप उतरला की सुटलात. पाठ करायला सोपं आहे, पण चारही विधानं फसवी आहेत.

सगळ्यात जास्त घोळ विडालचा. १८९६ पासूनची ही चाचणी जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं मोजते. ती वाढायला साधारण आठवडा जातो. मग तापाच्या दुसऱ्याच दिवशी आलेलं पॉझिटिव्ह कसलं? कधी जुन्या संसर्गाचं, कधी लशीचं, कधी मलेरिया-डेंग्यूसारख्या भलत्याच तापाचं. आपल्याकडे धडधाकट माणसाच्या रक्तातही १:८० (म्हणजे ८० पट पातळ करूनही प्रतिपिंडं दिसणं) सापडतं. डेंग्यू आणि टायफॉइड एकदम होऊ शकतात, नाही असं नाही. पण ‘दोन्ही निघालेत’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा टायफॉइड फक्त रिपोर्टवर असतो. खात्रीसाठी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणं) हवं, तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. कल्चरलाही काही दिवस लागतात आणि खरा टायफॉइड असून ते निगेटिव्ह येऊ शकतं. डॉक्टर तोवर औषध रोखून धरत नाहीत ते ठीकच, पण आधी रक्त काढून ठेवायला काय जातं?

एनएस१ पहिल्या पाचेक दिवसांतच कामाचं. पुढे आयजीएम (डेंग्यूविरुद्धची प्रतिपिंडं) बघावं लागतं. रिपोर्टवर तापाचा कितवा दिवस ते लिहिलेलं नसतं, खरी गोची तीच.

प्लेटलेट मलेरियात, लेप्टोत (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप), स्क्रब टायफसमध्येही (बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा ताप) पडतात. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. २०१८ मध्ये नागपूरकडे स्क्रब टायफसने गाठलं. काखेत, जांघेत सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवा. टायफॉइड समजून दिलेलं सेफ्ट्रिॲक्सोन स्क्रब टायफसवर चालत नाही, डॉक्सिसायक्लिन लागतं.

आणि ताप उतरला की सुटका? डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा धोका नेमका तेव्हाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसात असतो. पोटात सारखं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, ग्लानी यांपैकी काहीही दिसलं तर तडक दवाखाना गाठा, थर्मामीटर ९८ दाखवत असला तरी.